महासाथ ओसरल्यावर शिक्षक का सोडून जातात, आणि ते कशाने थांबतात

एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोविडच्या महासाथीच्या काळात त्यांच्या शाळेतील एकाही शिक्षकाने नोकरी सोडली नाही. अडचणी सोसून सर्वांनी ऑनलाइन वर्ग निभावून नेले. शाळा पूर्ववत सुरू झाल्यानंतर मात्र दीड वर्षात चार अनुभवी शिक्षकांनी राजीनामे दिले आणि आणखी दोघांच्या बोलण्याचा रोख तसाच दिसतो. शाळेने ताणव्यवस्थापनाच्या कार्यशाळा घेतल्या होत्या, समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक दिला होता, आभाराची पत्रेही पाठवली होती. मग हे असे का झाले, पुन्हा तशी वेळ आली तर काय करावे आणि गेलेल्या शिक्षकांना परत बोलावणे योग्य ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी आधी बरीच वर्षे वर्गात शिकवले आणि त्यानंतर शिक्षकांची समुपदेशक म्हणून काम करत आले. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या शाळेत जे घडले त्यात अनपेक्षित असे काही नाही. संकट ऐन भरात असताना माणसे सहसा जागा सोडत नाहीत. बाहेर दुसरी नोकरी मिळण्याची खात्री नसते, मुलांना अर्ध्या वाटेत सोडणे मनाला पटत नाही, आणि ‘एवढे वर्ष निघू दे, मग बघू’ या एका वाक्यावर बरेच महिने निघून जातात. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २०२१ च्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत जवळपास दर चार शिक्षकांपैकी एकाने त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस नोकरी सोडण्याची शक्यता व्यक्त केली होती. महासाथीपूर्वी हे प्रमाण साधारण सहांत एक असे होते. प्रत्यक्षात त्या वर्षी तितके शिक्षक गेले नाहीत. गळतीचा आकडा ठळकपणे वाढला तो २०२१-२२ हे वर्ष संपताना, तेव्हा तो सुमारे १० टक्क्यांवर, म्हणजे महासाथीपूर्वीच्या पातळीपेक्षा ४ टक्के-अंकांनी वर गेला होता. सोडण्याचा विचार मनात येणे आणि राजीनामा देणे यांत एवढे अंतर असते. तुमच्या हातात होते ते हे अंतर, आणि उरलेल्या दोघांच्या बाबतीत ते अजूनही आहे.

आता ताणाकडे वळू. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महासाथ म्हटले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच १९० हून अधिक देशांतील शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या नोंदीनुसार त्या वेळी सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते आणि ६ कोटींहून अधिक शिक्षकांच्या कामाची पद्धत एका झटक्यात बदलली होती. अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाविषयी मांडलेले सूत्र इथे फार उपयोगी पडते. कामाची मागणी मोठी असली तरी ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार हाती असेल, तर माणूस बराच भार पेलतो. मागणी वाढत असतानाच अधिकार आटला की प्रकृती बिघडू लागते. पुढे इतर अभ्यासकांनी यात सहकाऱ्यांच्या आणि वरिष्ठांच्या आधाराची तिसरी बाजू जोडली. महासाथीत शिक्षकांच्या बाबतीत या तिन्ही बाजू एकाच वेळी बिनसल्या. काम वाढले, आजची सूचना परवाच्या सूचनेला छेद देऊ लागली, आणि जिथे दोन तासिकांच्या मधल्या दहा मिनिटांत बोलून मन हलके होत असे ती शिक्षक खोलीच बंद झाली. शिक्षक खोलीचे हे मोल आपल्यापैकी कुणालाच आधी नीट कळले नव्हते, मलाही नाही.

गणिताच्या एका शिक्षिकेचा त्या काळातला दिवस मी तिच्यासोबत बसून वहीत उतरवला होता. तिने फ्रीजमधली काचेची फळी काढून दोन डब्यांवर आडवी ठेवली होती. फळीवर मोबाइल पालथा, खाली कागद, कागदावर ती पेनाने समीकरण सोडवत असे आणि तो कागद मुलांच्या पडद्यावर दिसत असे. जुगाड उत्तम होता, पण मोबाइल फळीवर अडकल्यामुळे तिला वर्गातले एकही मूल दिसत नसे. प्रत्येक पायरीनंतर ती “आवाज येतोय का? समजलं का?” असे विचारी आणि कुणीतरी एक जण “हो मॅडम” असे लिही. वर्ग संपला की हजेरी तिला तीन ठिकाणी नोंदवावी लागे: वर्गाच्या गटावर, शाळेच्या तक्त्यात आणि आठवड्याच्या अहवालात. दुपारी वह्यांचे फोटो तपासायचे, त्यातले निम्मे आडवे किंवा अंधारातले. रात्री साडेदहाला एका पालकाचा संदेश, ‘आज लिंक चालली नाही, पुन्हा शिकवाल का?’ हे सगळे सांगताना तिची तक्रार कामाच्या तासांबद्दल नव्हती. ती म्हणाली, “मॅडम, मी शिकवते आहे की नुसती बोलते आहे, हेच मला कळत नाही.”

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या वाक्यात सापडते. मानसशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टीना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामातून येणारा दीर्घकालीन थकवा मोजण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात या थकव्याचे तीन पदर धरले आहेत. पहिला म्हणजे भावनिक शीण. दुसरा म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा. तिसरा म्हणजे आपल्या कामातून काही घडते आहे या जाणिवेची झीज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हा थकवा आजार नसून कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम असल्याचे आपल्या वर्गीकरणात नोंदवले. म्हणजे उपाय शोधायचा तो आधी कामात, माणसात नंतर.

यातला पहिला पदर सुटीने बराच भरून निघतो. तिसरा निघत नाही. वर्गात शिकवताना शिक्षकाला क्षणाक्षणाला परतावा मिळत असतो. एखाद्या मुलीच्या कपाळावरची आठी सैल होते, मागच्या बाकावरची कुजबुज थांबते, खडू हातात घेऊन फळ्याकडे वळेपर्यंत तीन हात वर होतात. काळ्या चौकोनांत लिहिलेल्या चाळीस नावांकडे पाहून यातले काही मिळत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत अगदी जवळून होणारी नजरानजर, स्वतःचाच चेहरा पडद्यावर दिसत राहणे, हालचालीवर येणारी मर्यादा आणि समोरच्याचे हावभाव ओळखण्यासाठी पडणारे जादा श्रम ही चार मुख्य होती. शिक्षकांच्या बाबतीत मला त्याहून मोठे कारण दिसले ते असे की समोरून काहीच न येता दिवसाचे चार-पाच तास देत राहावे लागत होते.

तरीही ते टिकले, कारण शाळा उघडली की सगळे पूर्वीसारखे होईल अशी आशा होती. शाळा उघडली तेव्हा वर्गात बसलेली मुले इयत्तेच्या मानाने मागे पडलेली होती, एका जागी बसण्याची सवय मोडलेली होती, काही घरांत माणसे गेलेली होती. अशा मुलांसमोर शिक्षकाने जुनाच अभ्यासक्रम जुन्याच गतीने पूर्ण करावा, शिवाय राहिलेलेही भरून काढावे, अशी अपेक्षा ठेवली गेली आणि निकाल खालावला तेव्हा विचारणा शिक्षकाकडेच झाली. दोन वर्षे ज्या आशेवर काढली तीच खोटी ठरली. तुमच्या चौघांनी नेमक्या याच टप्प्यावर राजीनामे दिले असावेत असा माझा अंदाज आहे. तारखा काढून पाहिल्यात तर बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या परीक्षेच्या निकालाच्या आसपासच्या निघतील.

आधार नेमका कशाला म्हणायचे, याबाबत माझी स्वतःची एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी एका शाळेतल्या शिक्षकांसाठी दर शुक्रवारी सायंकाळी तासाभराचे ‘मन मोकळे करा’ सत्र ठेवले होते. हजेरी सक्तीची होती. तिसऱ्या आठवड्यात सगळे कॅमेरे बंद होते आणि बोलत होते मी एकटीच. शेवटी एक ज्येष्ठ शिक्षक अतिशय अदबीने म्हणाले, “मॅडम, राग मानू नका, पण हा तास रद्द केलात तर आमचा ताण नेमका एका तासाने कमी होईल.” मी तो तास रद्द केला आणि मुख्याध्यापकांशी बोलून तीनपैकी दोन हजेऱ्याही बंद करवल्या. त्या आठवड्यात मला जितके आभाराचे संदेश आले तितके कोणत्याही सत्रानंतर आले नव्हते.

कार्यशाळा वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. श्वासाचे व्यायाम, झोपेची शिस्त, ताण ओळखायला शिकणे, या सगळ्याचा उपयोग होतो. पण ज्या भारामुळे माणूस वाकला आहे तो भार तसाच ठेवून त्याला पाठीचे व्यायाम शिकवले, तर तो त्यातून एकच अर्थ काढतो: शाळेच्या मते दोष माझ्या पाठीत आहे. मॅथ्यू क्राफ्ट, निकोल सायमन आणि मेलिसा लायन यांनी महासाथीच्या पहिल्या टप्प्यात अमेरिकेतील शिक्षकांचा जो अभ्यास केला, त्यात आपल्या कामाला यश येते आहे ही भावना शिक्षकांमध्ये मोठ्या प्रमाणात घसरलेली आढळली. मात्र जिथे संवाद स्पष्ट होता, प्रशिक्षण गरजेपुरते आणि नेमके होते, सहकाऱ्यांबरोबर खरे काम होत होते, अपेक्षा न्याय्य होत्या आणि केलेल्या श्रमांची दखल घेतली जात होती, तिथे ती घसरण होण्याची शक्यता बरीच कमी होती. या यादीतली प्रत्येक गोष्ट मुख्याध्यापकाच्या रोजच्या कारभाराचा भाग आहे. त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून पुन्हा तशी वेळ आली तर सर्वांत आधी ‘काय करायचे नाही’ याची यादी काढा आणि ती तुमच्या सहीने लेखी द्या. तोंडी सवलतीवर शिक्षकांचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. वरून तपासणी आली की ती सवलत कुणालाच आठवत नाही, हे त्यांनी पाहिलेले असते. यादीत पाठ टाचणाचा, म्हणजे तासाच्या पूर्वतयारीच्या टिपणाचा, लांबलचक नमुना, एकाच माहितीचे दुबार अहवाल, स्पर्धा, दिनविशेषांचे फोटो, गरज नसलेल्या बैठका असे सगळे येईल. अभ्यासक्रमातले कोणते घटक गाळायचे हे त्या त्या विषयाच्या शिक्षकांना ठरवू द्या. कारासेक यांनी ज्या अधिकाराविषयी लिहिले तो त्यांच्या हाती परत देण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही, आणि त्यांनी गाळलेले घटक तुम्ही गाळले असते त्यापेक्षा बहुधा अधिक योग्य निघतील.

सूचनांसाठी एकच मार्ग आणि एकच वेळ ठरवा. त्या वेळी सांगण्यासारखे काही नसेल तरी ‘आज नवीन सूचना नाही’ एवढे कळवा. अनिश्चिततेत माणूस दर दहा मिनिटांनी फोन पाहत राहतो, आणि ही टेहळणी शिकवण्याइतकीच दमवते. पालकांशी बोलण्याची वेळ शाळेने जाहीर करावी, म्हणजे रात्रीच्या संदेशाला उत्तर न देण्याचा निर्णय एकट्या शिक्षकाच्या माथी येत नाही.

एका गोष्टीबाबत मी आग्रही आहे. निम्मी मुले वर्गात आणि निम्मी पडद्यावर, दोघांनाही एकाच वेळी एकाच शिक्षकाने शिकवायचे, ही व्यवस्था शक्यतो स्वीकारूच नका. कागदावर ती काटकसरीची वाटते, पण शिक्षक फळ्याकडे गेला तर पडद्यावरची मुले सुटतात आणि पडद्याकडे वळला तर समोरची. संपूर्ण ऑनलाइन वर्ग शांतपणे निभावणारे लोक या व्यवस्थेत तीन आठवड्यांत खचलेले मी पाहिले आहेत. दोन शिक्षकांनी तुकड्या वाटून घ्याव्यात, एकाने वर्गातल्या आणि दुसऱ्याने घरच्या, मग तासिका कमी झाल्या तरी चालतील.

समुपदेशकाचा क्रमांक दिला आणि कुणीच फोन केला नाही, असे बहुतेक शाळांत घडले. कारण साधे आहे. फोन केल्याचे शाळेला कळेल आणि ‘यांना झेपत नाही’ असा शिक्का बसेल, ही भीती. समुपदेशक शाळेच्या रचनेबाहेरचा असावा, त्याने शाळेला नाव तर सोडाच, किती जणांनी संपर्क केला हेही सांगू नये, आणि ही अट शिक्षकांना लेखी दाखवावी. त्याच वेळी नेहमीचा ताण आणि उपचारांची गरज यांतला फरक तुम्हाला ओळखता यायला हवा. दोन आठवडे किंवा अधिक काळ दिवसाचा बहुतांश वेळ उदास जात असेल, कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जायला सुचवावे आणि त्यासाठी रजा द्यावी. जगणे नकोसे झाल्याचा उल्लेख आला तर तो गंमतीत घेऊ नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

शोकाविषयीही बोलायला हवे, कारण शाळांनी ही बाजू जवळजवळ वगळली. सहकारी गेले, विद्यार्थ्यांचे आईवडील गेले, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता तासिका सुरू झाली. एका शाळेत वर्ष उलटून गेल्यावर आम्ही दिवंगत शिक्षिकेचे कपाट तिच्या तीन सहकाऱ्यांसोबत उघडले. तपासून ठेवलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, अर्धवट खडूंची डबी, चष्म्याचे रिकामे घर एवढेच निघाले. त्या अर्ध्या तासात ते तिघे जितके बोलले तितके वर्षभरात बोलले नव्हते. तुमच्या शाळेत असे एखादे कपाट अजून बंद असेल तर ते कुणा शिपायाकडून रिकामे करवून घेऊ नका.

वेतनाबद्दल थोडक्यात सांगते. त्या काळात पगार कापले गेले असतील किंवा थकले असतील आणि नंतर भरून दिले नसतील, तर वरचे सगळे उपाय फोल ठरतात. तो हिशेब आधी मिटवावा.

आता ज्या दोघांच्या मनात चलबिचल आहे त्यांच्याविषयी. आपण निरोपाची मुलाखत घेतो, म्हणजे माणूस गेल्यावर तो का गेला हे विचारतो. त्याऐवजी तो असतानाच विचारा. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, वीस मिनिटे, तुमच्या दालनाबाहेर कुठेतरी बसून. गेल्या महिन्यात कोणत्या तासाला शिकवल्याचे समाधान वाटले, कोणत्या कामामुळे तसे तास कमी होतात, आणि त्यातले मी या आठवड्यात काय काढून घेऊ शकते, एवढे तीन प्रश्न पुरतात. ‘तुम्ही सोडून जाणार आहात का’ हे विचारू नका. त्याला खरे उत्तर मिळत नाही आणि विचारल्यावर दोघांमध्ये अंतर पडते. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातली एक तरी गोष्ट आठ दिवसांत प्रत्यक्ष झाली पाहिजे. झाली नाही तर ही मुलाखत न घेतलेलीच बरी होती असे होईल. यात महासाथीच्या वर्षांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनाही धरा. त्यांचे पहिले वर्ष पडद्यासमोर गेले, भरलेला वर्ग सांभाळण्याची उमेदवारी त्यांना मिळालीच नाही, आणि अनुभव मोजताना मात्र ती वर्षे धरली जातात. त्यांच्यासोबत एखादा ज्येष्ठ शिक्षक आठवड्यातून एक तास वर्गात बसू द्या, पण शेरे लिहिण्याची वही न घेता. त्या बदल्यात ज्येष्ठाला एक मोकळा तास द्यायला विसरू नका, नाहीतर तेही एक वाढीव कामच होईल.

हे सगळे करताना मुख्याध्यापकाचा ताण कोण पाहणार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या पत्राच्या ओळींमध्ये आहे. वरून येणाऱ्या आदेशांची आणि खालून येणाऱ्या तक्रारींची चेपणूक तुम्ही एकट्याने सोसली असणार. दुसऱ्या शाळेतल्या दोन-तीन मुख्याध्यापकांशी महिन्यातून एकदा, कोणत्याही कार्यसूचीशिवाय, भेटत राहा.

गेलेल्या चौघांना परत बोलवावे का? बोलवा, पण पहिला फोन परत येण्याविषयी नसू द्या. त्या दोन वर्षांत शाळेकडून काय राहून गेले हे त्यांना विचारा, ऐकून घ्या, स्पष्टीकरण देऊ नका. त्यानंतर तुम्ही काय काय बंद केले याची यादी तयार झाली की ती त्यांना पाठवा. एका शाळेने असे केले तेव्हा गेलेल्यांपैकी एक विज्ञान शिक्षिका पुढच्या सत्रात परतली. दुसरे एक शिक्षक आले नाहीत, मात्र त्यांनी त्या यादीवर लाल पेनाने आणखी दोन कामे लिहून कागद परत पाठवला. त्या मुख्याध्यापकांनी ती दोन्ही कामे बंद केली.